सात नंबरची पेटी

१

सात नंबरच्या पेटीत दोन फूट दगड नको त्या जागी निघाला, आणि तो तिथे कसा आला हे कुणालाच सांगता येईना.

९ ऑगस्ट १९८३, मंगळवार. बोरगाव मेघेला आमच्या ‘वेणा मिनरल्स’चं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे भाड्याचं बैठं घर, दोन टेबलं, एक टेलिफोन आणि मी. मी शोभाबाई, टायपिस्ट. टेलिफोन घेणं, पाहुण्यांना चहा सांगणं आणि साहेब लोकांचं शुद्धलेखन गुपचूप सुधारणं हीही माझीच कामं. पगार मात्र एकाच कामाचा.

कंपनी हिंगणघाटच्या बाजूला वेणा नदीच्या काठानं कोळसा शोधत होती. यंत्रानं जमिनीला खोल भोक पाडायचं, की पोकळ नळीतून दगडाच्या गोल कांड्या निघतात, मनगटाएवढ्या जाड, उसाच्या कांड्यांसारख्या. त्या लाकडी पेटीत मांडून ठेवायच्या. पेटीला एकाखाली एक पाच खण, प्रत्येक खण पाच फूट लांब. म्हणजे एका पेटीत जमिनीच्या पोटातले पंचवीस फूट झोपलेले असत. जमिनीखाली काय आहे याचा पुरावा एवढाच.

त्या दिवशी पुरावा बघायला आले होते खुद्द प्रेमदास थूल. विलायतेतल्या मूळ कंपनीचे प्रमुख, चौदा देशांतल्या खाणी ज्यांच्या एका सहीवर चालतात ते. गडी मूळचा आपल्या हिंगणघाट तालुक्यातला. बुधवारी संध्याकाळी वर्ध्याला त्यांचा सत्कार होता आणि त्यासाठी त्यांची माहिती मीच टाइप केली होती. नागपूरला भूगर्भशास्त्राची पदवी, मग आफ्रिकेत तांबं, ऑस्ट्रेलियात लोखंड, कॅनडात निकेल. आफ्रिकेत कुणीतरी नमुन्यात तांब्याची पूड मिसळली होती, तेव्हा यांनी त्याच दिवशी काम बंद करून मॅनेजरला घरी पाठवलं होतं. सगळं इंग्रजीत, दोन पानं गच्च. वडिलांच्या व्यवसायापुढे मात्र त्यांनी हातानं एकच शब्द लिहून पाठवला होता: शेती.

साहेबांची एक सवय त्या कागदावरही होती. कुठल्याही देशात खाणीचा निर्णय घेण्याआधी ते एक पेटी स्वतः उघडत. कुठली, ते आधी सांगत नसत.

ऑफिसजवळच्या शेतातल्या शेडमध्ये ओळीनं अकरा भोकांच्या पेट्या मांडलेल्या. साहेब फिरत फिरत सात नंबरच्या भोकाच्या पेट्यांपाशी थांबले, कोळशाची पेटी कुठली ते विचारलं आणि झाकण काढून पुस्तक वाचावं तसे वाचू लागले. वरच्या खणापासून, डावीकडून उजवीकडे.

“ढोले, तुमच्या रिपोर्टमध्ये काय आहे?”

चंद्रभान ढोले आमचा भूगर्भतज्ज्ञ. वर्ध्याच्या कारकुनाचा मुलगा, एकोणतीस वर्षांचा, कामाला पक्का. त्यानं न बघता सांगितलं, “सहा फूट कोळसा, सर. सलग.”

“इथे सलग नाही.” साहेबांनी बोट ठेवलं. “तिसऱ्या खणात दोन फूट दगड, मग तीन फूट कोळसा. चौथ्या खणात पुन्हा दोन फूट दगड, मग तीन फूट कोळसा.”

मी वाकून पाहिलं. खरंच, तिसऱ्या आणि चौथ्या खणात कोळसा उजव्या अंगाला, बरोबर एकाखाली एक होता. चौकटीत काळा रुमाल ठेवावा तसा.

“मधे दोन फूट दगड म्हणजे तीन-तीन फुटांचे दोन पापुद्रे. यावर खाण होत नाही. सलग सहा फुटांवर होते. एक तर रिपोर्ट खोटा आहे, नाही तर पेटी.”

पेटीत खोलीचे आकडे लिहिलेले लाकडी गट्टू ठेवलेले असतात. साहेबांनी ते उचलून पाहिले. कोरे होते. बाकीच्या पेट्यांवरचे खडूचे आकडे शाबूत आणि नेमके याच पेटीतले पुसलेले.

“ही पेटी भरली कुणी?”

चंद्रभान पुढे झाला. “मीच, सर. मी स्वतः.”

“उद्या अकरा वाजता मी इथे परत येईन,” साहेब म्हणाले. आवाज चढला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. “तोवर खरं कळलं नाही तर खाणीचा विषय संपला आणि ढोले, तुमची नोकरीही. या धंद्यात खोट्या नमुन्याचा डाग लागलेल्या माणसाला कुठलाच देश ठेवून घेत नाही.” मग आम्हा सगळ्यांकडे पाहून म्हणाले, “कुणाला काही ठाऊक असेल तर मला सांगा. ऐकलेलं नको. स्वतः पाहिलेलं सांगा.”

चंद्रभान भिंतीला टेकून उभा होता. आणि मला पक्कं ठाऊक होतं की तो आत्ता खोटं बोलला आहे.

२

मला ते ठाऊक होतं एका पत्रिकेमुळे. ती माझ्या टाइपरायटरखाली ठेवलेली होती. येत्या रविवारी चंद्रभानच्या मुलाचं उष्टावण होतं.

दुपारी तो टेबलाशी येऊन बसला. चहा सांगितला, त्याला हात लावला नाही.

“ढोले, मुलाला सहा महिने कधी पूर्ण होतात?”

“चौदाला.”

“म्हणजे जन्म चौदा फेब्रुवारीचा. पंधराला सकाळी तुम्ही पेढे वाटले होते, मला दोन मिळाले होते. आणि रजिस्टरात सात नंबरची पेटी चौदा फेब्रुवारीला संध्याकाळी पाच वाजता भरलेली आहे. बायको दवाखान्यात, नदीकाठी कांड्या निघून राहिलेल्या. तुम्ही दोन्हीकडे कसे होता?”

मला त्याची दया आली, पण दयेनं कोडं सुटत नाही.

“मी चारलाच निघालो,” तो म्हणाला. “दवाखान्यातून निरोप आला होता, अन्नपूर्णाचं अवघड आहे म्हणून. कांड्या गोणपाटावर काढल्या होत्या. मी टेप लावून एकेक मोजली, वहीत उतरवली. सहा फूट सलग, शोभाबाई, माझ्या डोळ्यांनी पाहिलेली. फक्त पेटीत भरायच्या राहिल्या. रजिस्टरात वेळ मी दुसऱ्या दिवशी विचारून लिहिली.”

“मग हे तिथेच का नाही सांगितलं?”

“मशीन चालू असताना जागा सोडली तर नोकरी जाते, हा नियम. तो तुम्हीच टाइप केलाय.” तो कसनुसा हसला. “आणि मी भरली नाही म्हटलं, तर कुणी भरली हे सांगावं लागतं.”

“कुणी?”

“तानबानं. माझं निदान ऐकून तरी घेतील. त्याला काही न विचारता हाकलतील, पोलिसात देतील. त्या संध्याकाळी त्यानंच मला जा म्हटलं. मी सांभाळतो म्हणाला.”

तानबा म्हणजे आमच्या शेडचा राखणदार. शेडची एकुलती किल्ली त्याच्या करगोट्याला असायची.

३

शेडभोवती किसनरावांची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, होती. किसनराव सधन शेतकरी. शेड त्यांचीच, आम्हाला भाड्यानं दिलेली. शिवाय सात नंबरचं भोक पडलं होतं तेही त्यांच्याच नदीकाठच्या वावरात. खाण झाली तर ते काळंभोर वावर जाणार. म्हणजे पेटीत दगड घालायला कुणाला कारण असेल, तर ते पहिल्यांदा त्यांना.

ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून तंबाखू मळत होते. मी आडवळणानं बोलणार होते, त्यांनीच सरळ विषय काढला.

“तुमच्या त्या पेटीचं झेंगट ऐकलं मी, शोभाबाई. माह्यावर शक हाय ना तुमचा?”

“तुम्ही शेडमध्ये गेला होता का?”

“गेलतो ना. मागच्या महिन्यात झडीचं पाणी टपकून राह्यलं होतं पत्र्यातून. तानबानं आवाज देल्ला, मंग दोघायनं मिळून पत्र्याले डांबर लावलं. ज्या पेटीवर धार होती तेच्यावर पोतं टाकलं.”

“कुठली पेटी?”

“नंबर तुम्हीच पाहा. मले काय कराचं नंबराचं? पत्र्यावर डांबर कुठं हाय ते दिसते खालून.”

मी शेडमध्ये जाऊन मान वर केली. डांबराचा काळा ठिपका बरोबर सात नंबरच्या पेटीवर होता. म्हणजे आकडे कुणी पुसले नव्हते, पाण्यानं धुऊन नेले होते. एक गाठ सुटली.

“आणि खाण झालेली तुम्हाला नको आहे, हे खरं?” मी परत येऊन विचारलं.

“नकोच हाय. मी साहेबाच्या तोंडावर सांगीन. पण बाई, मले वावर वाचवाचं असतं तर मी तुमची मशीनच घुसू देल्ली नसती. लाकडाच्या पेटीत दगड काऊन लपवत बसू?”

हे पटण्यासारखं होतं. किसनराव भांडखोर होते, चोरटे नव्हते. पण ते बाजूला झाले की उरला एकटा तानबा, आणि हे मला अजिबात आवडलं नाही. गेली चार वर्षं पावसाळ्यात मला ऑफिसपासून रस्त्यापर्यंत छत्री धरून सोडणारा माणूस तो.

तानबा शेडच्या दाराशी झाडत होता. साठीचा, काटकुळा, बोलायला कमी.

“तानबाजी, सात नंबरची पेटी तुम्ही भरली?”

झाडू थांबला. “ढोलेसाहेबानं सांगतलं?”

“मी ओळखलं.”

“मीनंच भरली. भराची तशीच भरली, बाई. एक कांडी इकडची तिकडं केली नाई. नंतर हातही लावला नाई. माह्या लेकराची आण.”

“मग त्या कोळशाच्या मधे दगड कसा आला?”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी चमत्कारिक बोलत होते.

“मधात दगड कुठं हाय? कोयसा तं सारा एकाच जागी हाय,” तो म्हणाला.

४

त्या उत्तरानं मी हैराण झाले. पेटी मी पाहिली होती, साहेबांनी पाहिली होती, तानबानंही पाहिली होती. त्याच पेटीत साहेबांना कोळशाच्या मधे दगड दिसत होता आणि तानबाला दिसत नव्हता. दोघंही खोटं बोलणारे वाटत नव्हते. बरं, कुणी दगड बाहेरून आणून घातला म्हणावं, तर पेटीत जागाच नव्हती. पाच खण, पंचवीस फूट, गच्च भरलेले. दोन फूट आत यायचे तर दोन फूट बाहेर जायला हवेत. मी मोजून आले, सगळं जिथल्या तिथे होतं.

बुधवारी सकाळी आठलाच मी शेतावर गेले. तानबा सकाळी किसनरावांच्या वावरात डवरा हाकायचा आणि दहाला आमच्या कामावर यायचा. दोन दिवस उघाड होती. पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून बैल चालले होते, मागे डवऱ्यानं तण उपटलं जात होतं. मला बघून तानबानं हात केला.

“येतोच बाई, एवढं टोक गाठून.”

मी धुऱ्यावर उभी राहिले. मी वाढले हिंगणघाटच्या गिरणीच्या चाळीत. भोंगा, साचे, सुताच्या बाबिणी हे माझं बालपण. शेत मी रस्त्यावरून बघितलेलं. त्यामुळे मला वाटलं, हा पलीकडच्या टोकाला जाईल, बैल वळवून मोकळा इकडे येईल आणि मग पुढची ओळ इथूनच सुरू करील. माझ्या टाइपरायटरचं असंच असतं. ओळ संपली की गाडं रिकामं उजवीकडे ढकलायचं आणि नवी ओळ पुन्हा डाव्या कडेपासून.

तानबा टोकाला पोचला, बैल वळवले आणि डवरा शेजारच्याच ओळीत घातला. तण काढत काढत तो माझ्याकडे येऊ लागला. जाताना एक ओळ, येताना दुसरी.

मी हातातल्या पिशवीतून उष्टावणाची पत्रिका काढली, तिच्या पाठीवर पेन्सिलीनं पाच खण आखले आणि कोळसा काळा केला. एकदा माझ्या पद्धतीनं बोट फिरवलं. मग तानबाच्या पद्धतीनं फिरवलं. खात्री करायला पुन्हा एकदा फिरवलं.

“काय झालं, बाई?” तानबा जवळ येऊन विचारत होता.

“काही नाही. अकरा वाजता साहेबांसमोर तुम्ही बोलायचं आहे.”

“मी? मले काय येते?”

“जे केलं तेवढंच सांगायचं,” मी म्हटलं. “दुसरं काही नाही.”

५

अकराला साहेब आले. चंद्रभान आधीच येऊन बसला होता. रात्रभर झोपला नसावा. खिशात राजीनामा होता, त्याचं टोक दिसत होतं. किसनरावही दारात येऊन उभे राहिले, कुणी बोलावलं नसताना.

“साहेब,” मी म्हणाले, “तुम्ही पाहिलेलं सांगा म्हणालात. मी आज सकाळी डवरा पाहिला.”

साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

“चौदा फेब्रुवारीला ढोलेंची बायको बाळंत होत होती. त्यांनी कांड्या मोजल्या, वही लिहिली आणि ते निघून गेले. पेटी भरली तानबाजींनी. काल ढोले खोटं बोलले ते एवढंच. बाकी त्यांची वही खरी आहे आणि पेटीही खरी आहे.”

“दोन्ही खरं कसं असेल?”

“तिसऱ्या खणातल्या शेवटच्या कोळशाला चौथ्या खणातला पहिला तुकडा लावून पाहा. डावीकडचा.”

साहेब गुडघ्यावर बसले. इतका मोठा माणूस, पण कांडी उचलताना त्यांचे हात एकदम जपून चालले. तिसऱ्या खणाच्या उजव्या टोकाचा कोळसा एका हातात, चौथ्या खणाच्या डाव्या टोकाचा दगड दुसऱ्या हातात. जुळायचा प्रश्नच नव्हता. एकाचं तोंड तिरकं फुटलेलं, दुसऱ्याचं कंगोऱ्याकंगोऱ्यांचं.

“आता चौथ्यातला उजवीकडचा शेवटचा घ्या.”

त्यांनी दगड जागेवर ठेवला आणि उजव्या टोकाचा कोळसा उचलला. फिरवून हातातल्या तिसऱ्या खणातल्या कोळशाला लावला. दोन्ही तुकडे असे बसले की मधली रेघ शोधावी लागली. मग स्वतःच चौथ्या खणाचं डावं टोक आणि पाचव्या खणाचं डावं टोक उचललं. दगडाला दगड, कंगोऱ्याला कंगोरा, तेही जुळलं.

“तानबाजी,” मी म्हणाले, “सांगा, कशी भरली.”

तानबानं हात जोडले. साहेबांनी ते खाली करायची खूण केली.

“डाव्या अंगानं सुरू केली जी. पह्यला खण भरला, उजव्या टोकाले पोचलो. मंग खालच्या खणात तिथूनच वापस आलो. डाव्या टोकाले पोचलो, मंग तिथून पुढचा खण. कोयशाची एक कांडी लंबी होती, खणात माये ना, तं हातोडीनं तोडली. अर्धी वर, अर्धी तेच्या खालीच ठेवली. शेजारी शेजारी. आता टोकाले गेल्यावर माणूस रिकामा काऊन वापस येईन जी?”

साहेबांनी पेटीवर बोट ठेवलं आणि फिरवत नेलं. पहिल्या खणात उजवीकडे, दुसऱ्यात डावीकडे, तिसऱ्यात उजवीकडे, आणि तिथे काळा कोळसा लागला, चौथ्यात वळला, तीन फूट काळाच राहिला, मग दगड. सहा फूट, सलग.

“रिकामा काऊन येईन,” साहेब पुटपुटले.

काल सकाळपासून त्यांच्या तोंडून आम्ही फक्त इंग्रजी आणि पुस्तकी मराठी ऐकलं होतं. आता ते तानबाकडे बघून बोलू लागले, तेव्हा किसनरावही दारातून आत सरकले.

“माहा बाप सालदार होता, तानबाजी. वर्साच्या बोलीवर दुसऱ्याच्या वावरात राबे. मी साळंतून आलो की त्याच्या मांगं मांगं चालो, डवऱ्याच्या. या ओळीनं जाव, त्या ओळीनं येव. मले हे ठाऊक होतं. पंचवीस वर्सं मी पेट्या वाचून राह्यलो, आन् तुमची पेटी मले वाचता आली नाई.” त्यांनी पेटीवरचं बोट उचललं. “तुमची चूक नाई. तुम्हाले कोणी सांगतलंच नाई, आन् कोणी विचारलंही नाई. मी काल इथं उभा होतो, मीही नाई विचारलं.”

चंद्रभाननं खिशातला कागद पुढे केला. साहेबांनी तो न उघडता परत दिला.

“खोटं बोललात, त्याची शिक्षा आहे,” ते पुन्हा साहेबी मराठीत म्हणाले. “एक वर्ष पगारवाढ नाही. आणि रजिस्टरात आजपासून नवा रकाना. पेटी कुणी भरली, त्याचं नाव. सहीच्या आधी. अकराच्या अकरा भोकांसाठी मागे जाऊन लिहायचं, सात नंबरच्या पेटीपासून सुरुवात करून.”

“आन् खाण?” किसनरावांनी विचारलं.

“आणखी दोन भोकं पाडल्याशिवाय नाही. आणि तुमच्याशी बोलल्याशिवायही नाही.”

“मी नाईच म्हणीन.”

“म्हणा. ऐकायला मी स्वतः येईन.”

चंद्रभाननं रजिस्टर उघडलं. पट्टीनं रकाना आखला आणि ‘तानबा’ एवढं लिहून थांबला. चार वर्षांत त्याला तानबाचं आडनाव माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, हे इथे लिहिताना अजून लाज वाटते. ते आम्ही त्यालाच विचारून घेतलं. तानबा सोनटक्के.

निघताना साहेब ऑफिसात माझ्या टेबलापाशी थांबले. संध्याकाळच्या सत्कारासाठी टाइप केलेली त्यांची माहिती मागून घेतली, उभ्याउभ्या वाचली. मग खिशातलं पेन काढून एक शब्द खोडला आणि वर दुसरा लिहिला.

“हे पुन्हा टाइप कराल? जेवणाआधी पाहिजे.”

मी केलं. तीन प्रती काढल्या.

संध्याकाळी वर्ध्याचं सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत पुढारी, दुसरीत अधिकारी, तिसरीत साहेबांनी गाडी पाठवून आणवलेला तानबा, धुतलेल्या टोपीत, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेला. सूत्रसंचालन करणारे प्राध्यापक माझा कागद वाचत होते. चौदा देश झाले, तांबं झालं, निकेल झालं. मग ते म्हणाले, “वडील, कैलासवासी गुलाब थूल,” आणि पुढच्या शब्दाशी अडखळले. टाइप करताना चूक झाली असावी असं वाटून त्यांनी कागदावरून मान वर केली आणि मला शोधलं.

मी मान हलवली. बरोबर आहे, वाचा.

“सालदार,” त्यांनी वाचलं.